सियामीची मूठ

शनिवारी सकाळी मी डुक्कर मारते आणि दुपारी देवाचे तांदूळ गोळा करते. दोन्ही कामं याच उजव्या हाताची. गावातल्या काही बायकांना हे पटत नाही, पण रविवारच्या जेवणाचं मांस त्या माझ्याकडूनच नेतात, त्यामुळे त्यांच्या नाक मुरडण्याकडे मी लक्ष देत नाही.

मारायचं काम खरं माझ्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा त्याची सळई भिंतीला टांगलेली राहिली. चार महिने मी तिच्याकडे नुसती बघत होते. मग एका शनिवारी खाली काढली. चार पुरुष डुकराला आडवं दाबून धरतात, मी पुढच्या डाव्या पायाच्या बगलेत बोटांनी जागा चाचपते, "प्रभू, एकदाच होऊ दे" म्हणते आणि दाबते. वीस वर्षांत मला दुसऱ्यांदा दाबावं लागलेलं नाही. हात थरथरला तर जनावराचे हाल होतात, आणि माझा हात थरथरत नाही.

तीच माझी अडचणही होती. आम्हा मिझोंच्या चर्चच्या मंडळीत ढोल वाजायला लागला की माणसं जागा सोडून उठतात, गोल धरून नाचतात. बायकांचे हात कापायला लागतात, डोळ्यांतून धारा लागतात. देव आत उतरला की असं होतं म्हणे. मीही वीस वर्षं नाचले. घाम आला, पाय दुखले, बाकी काही झालं नाही. पाळक सांगायचे, देव कुठे लांब नाही, तुमच्या आतच बसलेला आहे. मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं, "माझ्या आत पित्त बसलंय, त्याला जागा उरली नसेल." ते हसले. मी थट्टा करत नव्हते.

माझा धाकटा भाऊ थनसेया याचं मात्र उलट. 'प्रभू' हा शब्द उच्चारतानाच त्याचा गळा दाटायचा. त्याची प्रार्थना ऐकून दगडासारख्या बायकाही रडायच्या. मंडळीनं त्याला उपा केलं होतं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी त्याला पाठीवर बांधून शेतात नेत असे. त्याच्या आत देव आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं आणि मला तेवढ्यावर समाधान होतं. एका घरात एकाकडे असला तरी पुरे, असं मी धरून चालले होते.

सियामी त्याची बायको. बारीक चणीची, बोलायला कमी. कुणी चार शब्द लागट बोललं तरी ही खाली बघून तांदूळ निवडत बसायची. मला तिचा थोडा राग यायचा. न भांडणाऱ्या माणसाशी कसं वागावं हे मला कधीच कळलं नाही.

आमच्याकडे घरची बाई तांदूळ वैरायच्या आधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. सकाळच्या जेवणाची एक, संध्याकाळची एक. ती देवाची. मूठ हातानंच काढायची, आपल्या हातानं. मुलगी सात वर्षांची झाली की आई तिचा हात धरून शिकवते. शनिवारी आम्ही दोघी-तिघी दारोदार जाऊन ते डबे पोत्यात रिकामे करतो. वजन कुणी करत नाही. पण इतकी वर्षं गोळा केल्यावर मला डबा उचलला की घरातलं कळतं. सून आली, म्हातारा आजारी पडला, कुणी एक वेळ उपाशी राहायला लागलं, सगळं कळतं.

सियामीचा डबा हलका लागायला लागला. पहिल्या शनिवारी मी गप्प बसले. दुसऱ्या शनिवारी डब्याचा तळ दिसत होता. तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं, "कोयता लागला," म्हणाली. मी म्हटलं, "जपून वापरावा." तिसऱ्या शनिवारी फडकं सुटलं होतं, हात तिनं अंगाभोवती गुंडाळलेल्या पुआनच्या पदराखाली घेतला होता आणि डबा तसाच हलका होता. माझ्या भावाच्या घरचा, उपाच्या घरचा डबा. गावातली सगळ्यात गरीब विधवा याच्यापेक्षा जास्त घालत होती. मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की तिचा लगेच राग होतो.

सोमवारी बायकांची सभा असते. मी उठले आणि चाळीस बायकांसमोर म्हटलं, "काही घरांत चांगलं चाललंय तरी देवाचा वाटा जड होतोय. मन आखडलं की मूठ आखडते. नाव घेत नाही, जिचं तिला ठाऊक आहे." नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना सियामीकडे वळल्या. ती खाली बघत होती, हात पदराखाली. मी खाली बसले तेव्हा मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या शनिवारी डुक्कर मोठं होतं, आवरायला उशीर झाला. सळई आणि सुरा धुऊन मी तसेच पाठीवरच्या टोपलीत टाकले आणि घरी न जाताच तांदळाला निघाले. थनसेयाच्या घरी सियामी एकटीच होती. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता. ओठ फुटून त्यावर खपली धरली होती. दारात मला बघून तिनं घाईघाईनं डबा पुढे केला.

डबा काठोकाठ भरलेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"या वेळी कमी नाही, ताई."

"डोळ्याला काय झालं?"

"पडले."

"कशावर? कुणाच्या मुठीवर?"

माझ्या हातात तो जड डबा होता आणि काहीतरी जुळत नव्हतं. एका आठवड्यात दोन माणसांच्या घरात एवढे तांदूळ जमत नाहीत. मी म्हटलं, "माझ्यासमोर मूठ काढ." तिनं डाव्या हातानं तांदळाच्या भांड्याचं झाकण उघडलं. "उजव्यानं," मी म्हटलं.

तिनं पदराखालून उजवा हात काढला. मधली तीन बोटं वाकडी होऊन बसली होती, एक इकडे, एक तिकडे, सांधे सुपारीएवढे. तिनं हात तांदळात घातला आणि वर काढला. अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये चिमूटभर राहिले, बाकीचे बोटांमधून खाली गेले.

"मूठ वळत नाही, ताई," ती म्हणाली. जणू माझी माफी मागत होती.

"मग डाव्या हातानं का नाही घातलेस? वाटीनं का नाही?"

"डाव्यानं देवाला कसं द्यायचं? आणि वाटीनं घातलं तर ती मूठ कशी होईल?"

मीही तेच म्हटलं असतं. आम्ही सगळ्याच तेच म्हटलं असतं. या बाईची बोटं मोडली होती, तरी तिनं बारक्या चिमटीनं देवाचा वाटा घातला होता, आणि मी तिला चाळीस जणींत कंजूष ठरवलं होतं.

"आणि आता हा भरला कसा?"

"माझ्या वाटचे घातले."

"मग तू काय जेवलीस?"

तिनं भांड्यावर झाकण ठेवलं. सोमवारपासून ती जेवली नव्हती.

बाकीचं मी तिच्याकडून ओढून काढलं. महिन्यापूर्वी पाळक जेवायला येणार होते, भात थोडा करपला. पाळक हसून जेवून गेले. ते उतारावरून खाली दिसेनासे झाल्यावर थनसेयानं तिचा हात चुलीच्या दगडावर ठेवायला लावला आणि जळणाच्या लाकडानं मारलं. तीन वेळा. तोंडात पदर कोंबायला त्यानंच सांगितलं होतं. आणि हे काही पहिलं नव्हतं. परवाच्या सोमवारी माझं बोलणं त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं तिला खांबाला टेकवून तोंडावर मारलं. ते मी मारल्यासारखंच होतं.

तेवढ्यात तो आला. कोट, टाय, काखेत गाण्याचं पुस्तक. उपांची बैठक होती.

"ताई, केव्हाची आलीस? सियामी, ताईला चहा नाही दिलास?"

"तिला किटली उचलत नाही," मी म्हटलं. "का ते तुला माहीत असेल."

त्यानं पुस्तक फळीवर ठेवलं. सियामीकडे बघून अगदी हळू विचारलं, "सांगितलंस?"

"तिनं नाही. डब्यानं सांगितलं."

"ताई, घरोघरी असतं हे. तू भावजींना लाकूड फेकून मारलं होतंस. खांदा निखळला होता त्यांचा."

"त्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर हसत सांगितलं. हिला कुणाला सांगता आलं?"

"आणि सोमवारी चारचौघींत माझी अब्रू कुणी घालवली? मी उपा आहे. माझ्या घरी देवाचा वाटा जड होतो म्हणालीस. मग घरी येऊन मी हिची पाठ थोपटायची होती?"

तो खरं बोलत होता, म्हणूनच मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"ताईला काही बोलू नका," सियामी म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्यासमोर तिचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

त्यानं चुलीवरच्या माळ्यावरून लाकूड ओढलं आणि मान न वळवता तिच्या खांद्यावर हाणलं. ती भिंतीशी जाऊन पडली. मी चुलीवरची किटली उचलली आणि त्याच्या कानावर घातली. उकळतं पाणी त्याच्या मानेवरून कोटात गेलं. त्यानं ओरडत माझे केस धरले आणि माझं डोकं खांबावर आपटलं. मग पुन्हा. रक्त डोळ्यात आलं, मला लाल दिसायला लागलं. मी त्याच्या हाताला चावले, मांस तोंडात येईपर्यंत चावले. टोपली उलटली, सुरा लाकडी जमिनीवरून घसरत दारापर्यंत गेला. आम्ही दोघं चुलीच्या राखेत कोसळलो. लहानपणी असेच भांडायचो, तेव्हा मी नेहमी वर असायचे. आताही वर आले. माझा गुडघा त्याच्या छातीवर, त्याचा डावा हात माझ्या दुसऱ्या पायाखाली वर अडकलेला, आणि माझ्या हातात सळई.

बगल उघडी होती. कोटावरून माझ्या बोटांनी आपोआप जागा शोधली. माणसात आणि डुकरात तिथे फार फरक नाही. मी सळईचं टोक टेकवलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, "प्रभू, एकदाच—"

हात पुढे गेला नाही.

आवाज वगैरे काही आला नाही. उजेड पडला नाही. ढोल तर नव्हताच. एवढंच कळलं की मी तिथे एकटी नाही. आत कुणीतरी होतं, आणि ते आज आलेलं नव्हतं. घरातलं एखादं गप्प माणूस कोपऱ्यात बसलेलं असतं, आपण दिवसभर त्याच्या अंगावरून ये-जा करतो, आणि त्यानं मनगट धरलं की मगच त्याच्याकडे बघतो, तसं होतं. वीस वर्षं दर शनिवारी मी त्यालाच हाक मारून सळई दाबत होते. ते दर वेळी तिथेच होतं.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. ढोलापाशी नाचून पाय तुटले तेव्हा कुठे होतास? मला हवा होतास तेव्हा हललासुद्धा नाहीस, आणि आज नको आहेस तर मनगट धरतोस? तेही कुणासाठी, याच्यासाठी? त्यानं उत्तर दिलं नाही. मनगटही सोडलं नाही. खाली थनसेयाचं तोंड होतं, नाकातून शेंबूड आणि रक्त, डोळे आईला पुरलं त्या दिवशी होते तसे. आणि मला कळलं की जो माझ्यात बसलाय तो याच्यातही बसलाय, माझ्यात होता तसाच, कुणी न विचारलेला. हे मला मुळीच आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

सळईवरचा जोर सुटला. थनसेयाला तेवढंच हवं होतं. त्याच्या उजव्या हाताला राखेतलं लाकूड लागलं आणि ते माझ्या जबड्यावर बसलं. जबडा मोडल्याचा आवाज डोक्याच्या आतून येतो. दुसरा फटका गळ्याच्या हाडावर बसला आणि मी दोन दात तोंडात घेऊन आडवी झाले.

आरडाओरडा ऐकून शेजारची लियानी, तिचा नवरा आणि आणखी सात-आठ जण आत घुसले. थनसेया उठून उभा राहिला होता, रडत होता. "बघा, ताईनं सळई धरली माझ्यावर. कोट बघा, भोक पडलंय. हिचं डोकं फिरलंय." यातलं काहीच खोटं नव्हतं. सळई अजून माझ्या हातात होती आणि माझा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. लियानीच्या नवऱ्यानं सळई काढून घेतली. दोघांनी माझे दंड धरले. मी बोलायचा प्रयत्न केला तर तोंडातून नुसतं रक्त आलं. मला एकच दिसत होतं, हे लोक आता मला घेऊन जाणार, दार ओढून घेणार, आणि आत सियामी आणि तो एवढेच उरणार. त्यानंतर तिचा डबा मला कधी उचलावा लागला नसता.

सियामी भिंतीला धरून उठली. तिनं तांदळाचं मोठं भांडं ओढत घराच्या मधोमध आणलं आणि गुडघ्यांवर बसली.

"लियानी, बघ," ती म्हणाली.

तिनं उजव्या हातानं मूठ काढली. तांदूळ गळून गेले. पुन्हा काढली, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा हात वर आला तेव्हा त्यात दहा-बारा दाणे होते. ते तिनं देवाच्या डब्यात टाकायला नेले आणि तेही वाटेत सांडले. तांदूळ जमिनीवर पडल्याचा आवाज येत होता, दुसरा कुठलाच नाही. तिथल्या प्रत्येक बाईनं सातव्या वर्षापासून दिवसातून दोनदा ती मूठ काढली होती.

लियानी तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचा हात उलटा करून बघितला. "कधीचं आहे हे?"

"पाळक जेवायला आले होते त्या दिवसाचं."

"आणि सोमवारी आम्ही तुझ्याकडे वळून बघत होतो," लियानी म्हणाली. ती उठली, थनसेयाच्या हातातलं लाकूड काढून घेतलं आणि चुलीत घातलं. माझे दंड धरणाऱ्यांनी हात सोडले.

मंडळीनं थनसेयाला उपापदावरून काढलं, प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं. तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. कुणी म्हणालं फार झालं, कुणी म्हणालं काहीच नाही. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे, पण सहा आठवडे माझा जबडा तारेनं बांधलेला होता आणि मी नळीनं पेज पीत होते. सियामी माझ्या घरी राहायला आली ती राहिलीच. पाळक भेटायला आले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. "देवानं तुझा हात धरला, पी रोकुंगी," ते म्हणाले; वडीलधाऱ्या बाईला आम्ही पी म्हणतो. मी पाटीवर लिहून दाखवलं, "धरला, आणि माझे दात पाडले." या वेळी ते हसले नाहीत.

जबडा सुटल्यावर पहिल्या सोमवारी मी सभेत उठले. जीभ नीट वळत नव्हती. "सियामीबद्दल मी बोलले ते खोटं होतं," मी म्हटलं. "माझ्या त्या बोलण्यापायी तिनं मार खाल्ला." आणखी बोलायचं ठरवून गेले होते, पण तेवढंच जमलं. सियामीनं सरकून मला बाकावर जागा करून दिली. ती आता डाव्या हातानं मूठ काढते. मी वाटी घे म्हणून पुष्कळ सांगितलं, ऐकत नाही. न भांडता हट्ट कसा करायचा हे मला तिच्याकडून कळतंय.

पुढच्या शनिवारी तांदळाची पाळी आली तेव्हा लियानी म्हणाली, "त्याच्या घरी मी जाते, तू नको." मी म्हटलं, "माझं काम आहे." सकाळीच मी डुक्कर मारलं होतं, एकाच दाबात.

थनसेयाचं दार अर्धवट उघडं होतं. डबा पायरीवर ठेवलेला होता. तो आत चुलीपाशी पाठ करून बसला होता, त्यानं वळून बघितलं नाही.

"ताई," तो म्हणाला.

मी डबा उचलला. जड होता. एकट्या माणसाचा असूनही जड. दिवसातून दोनदा, पुरुषाची पूर्ण मूठ, पाची बोटं घट्ट वळलेली. तोच हात. माझ्या मनात आलं, हा डबा लाथेनं उतारावरून खाली घालवावा, तांदूळ डुकरांना जाऊ देत. पाय उचललासुद्धा.

माझ्या आतला तो कोपऱ्यात बसलेलाच होता. "हेही घ्यायचं?" मी त्याला विचारलं. तो बोलला नाही, तो कधीच बोलत नाही. गेलाही नाही.

मी पाठीवरचं पोतं उतरवलं. तळाशी सियामीच्या डाव्या हातचे तांदूळ होते, त्यावर गावातल्या बाकी घरांचे. त्यांच्यावर मी थनसेयाचे ओतले. मग रिकाम्या डब्याला झाकण लावायला गेले तर ते काठावर खडखडायला लागलं. मला वाटलं झाकण वाकडं झालंय. दोनदा फिरवून बघितलं. झाकण सरळ होतं, माझा हात थरथरत होता.